डब्यातली पूजा

कुंभार पिंपळगावच्या कल्याणनं लोकांच्या डोक्यावर जेवढी छतं उभी केली तेवढी सरकारी योजनांनीही केली नसतील, असं तो स्वतःच सांगत असे, आणि त्यात फारशी थाप नव्हती. तीर्थपुरीपासून परतूरपर्यंत कुणाचाही स्लॅब असो, खालच्या लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या कल्याणच्या. पण सेंट्रिंगवाल्याच्या नशिबात जमेची बाजू जरा लंगडीच असते. स्लॅबच्या दिवशी नारळ मालक फोडतो, टोपी-टॉवेल मिस्त्रीला मिळतो, मटणाचं पातेलं मजुरांसाठी चढतं, आणि ज्यानं ओला स्लॅब अंगावर झेलून वाळवला त्याला काही दिवसांनी फोन येतो, "तुमचं ते सामान उचला की राव, पाहुणे यायलेत." घरभरणीचं आवतण आलंच तर शेवटच्या पंगतीचं.

त्याची बायको दैवशाला याच गोष्टीवर त्याला टोचायची. "तुमचं काम म्हंजी नवरदेवाच्या घोड्यासारखं. वरात दारात गेली की घोड्याला कोण पुसतं?"

म्हणून टाकळीच्या घाटावर गोदावरीवर पूल व्हायचा ठरला आणि कंपनीच्या इंजिनियर ज्योत्स्ना मॅडमनी पाण्यातल्या खांबांचं सेंट्रिंग कोण करतो म्हणून चौकशी काढली, तेव्हा कल्याण मोटारसायकल घेऊन सगळ्यांच्या आधी घाटावर पोचला.

आता नदीत खांब उभा करणं यात पूर्वी फार अक्कल लागत नव्हती. उन्हाळा यायचा, नदी आटायची, वाळूत खड्डा घेऊन माणसं कोरड्या पायानं काम करायची. पण खाली बंधारा झाल्यापासून टाकळीची गोदावरी वाहत नाही, उभी असते. बारा महिने पुरुषभर आणि वर पाणी. अशा पाण्यात खांबाचा पाया घालायचा कसा, यावर घाटावरच्या चहाच्या टपरीत रोज एक नवा इंजिनियर तयार होत होता.

माजी झेडपी मेंबर साहेबराव अण्णांचं मत होतं की चौफेर मातीचा बांध घाला आणि मधलं पाणी उपसा. अण्णांचा मुरूम वाहणारा ट्रक होता, हे इथं सांगून ठेवलेलं बरं. कडूबा नावाडी म्हणत होता की पूलच नको. कडूबाची नाव पलीकडच्या बीड जिल्ह्यात माणसं पोचवायची, तेव्हा त्याचंही मत शुद्ध तांत्रिक होतं असं म्हणता येणार नाही. तरी कंपनीनं सामानाच्या ने-आणीला त्याची नाव रोजानं लावली, तेव्हापासून तो पुलाला शिव्या देत देत पुलाचंच काम करायला लागला.

मॅडमनी मात्र काडी घेतली आणि वाळूत एक गोल काढला.

"लोखंडी पत्र्याचं मोठं कवच करायचं. गोल, विहिरीसारखं, खालून उघडं. काठावर वेल्डिंग करायचं, तराफ्यावर नेऊन साखळ्यांनी पाण्यात सोडायचं. तळाला टेकलं की आत लांब नळ घालून खालून काँक्रीट भरायचं. आतलं पाणी काढायचं नाही."

"पाण्यातच काँक्रीट?" कल्याणनं विचारलं.

"पाण्यातच. नळाचं तोंड काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवायचं, म्हणजे नवं काँक्रीट जुन्याच्या पोटात शिरतं. वरचा थर तेवढा पाण्याला लागतो. काँक्रीट वर चढतं आणि पाणी आपोआप बाहेर ढकललं जातं. असा तळ आधी भरून घ्यायचा. तो पक्का झाल्यावर मग पाणी उपसून वरचा खांब कोरड्यात."

कडूबा टपरीच्या बाकावरून ओरडला, "सिमेंट धुऊन जाईल मॅडम! नदीला शिरा खाऊ घालून राह्यले तुमी!"

मॅडमनी तिकडं पाहिलंही नाही. "आणि हे कवच नंतर काढायचं नाही. तिथंच राहणार."

कल्याणच्या कानात एवढंच शिरलं. आयुष्यभर प्लेटा लावल्या आणि काढल्या. "कायमचं?"

"गंजेपर्यंत."

"मंग करतो," कल्याण म्हणाला.

"ऐकून घ्या. पहिला खांब बराबर जागेवर आणि ओळंब्यात आला, तर बाकीचे सगळे खांब तुमचे. वाकडा आला, तर दुसरा माणूस." मॅडम परतूरच्या. त्यांच्या बोलण्यात गोडवा कमी आणि मोजमाप जास्त असे.

त्या दिवसापासून कल्याणला एकच ध्यास लागला. सेंट्रिंगवाला म्हणून मरायचं नाही, पुलवाला म्हणून मरायचं. घाटावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या आणि गोल कवच आकार घ्यायला लागलं. मॅडम त्याला कवच म्हणत, गाव त्याला कल्याणचा डबा म्हणायचं. डब्याच्या अंगावर कल्याणनं पिवळ्या ऑईलपेंटनं हातभर उंचीची अक्षरं लिहून घेतली: कल्याण सेंट्रिंग वर्क्स, कुंभार पिंपळगाव. खाली मोबाईल नंबर.

"हे तर पाण्याखाली जाणार," कडूबा म्हणाला. "फोन कोण करणार तुला, मरळ का कटला?"

"असू दे. हाय ते हाय."

डब्याच्या बाजूला मॅडमनी एक खिडकी ठेवायला लावली होती. लोखंडी झडप, तिच्यापासून एक लांब दांडा वरपर्यंत, दांड्याला पान्यानं फिरवायचा नट. ही खिडकी उघडी असेपर्यंत आत आणि बाहेर पाणी एकाच पातळीला राहणार. "तळ ओतल्यावर आठवडाभर खिडकी उघडी. जेवढं पाणी बाहेर, तेवढंच आत. मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

डबा पाण्यात सोडला तो दिवस निभावला. साखळ्या करकरल्या, तराफा एकदा वाकडा झाला, दैवशालानं काठावर डोळे मिटून घेतले, पण डबा जागेवर टेकला आणि मॅडमनी दुर्बिणीतून पाहून अंगठा वर केला. दुसऱ्या दिवशी नळातून तळ ओतला. आतलं पाणी खिडकीतून हळूहळू बाहेर ढकललं जाऊ लागलं, आणि कडूबा नावेत बसून प्रत्येक घमेल्याला नदीच्या वतीनं 'वाहिलं' म्हणत राहिला.

आणि तेव्हाच साहेबराव अण्णांना पूजा आठवली.

झेडपीच्या निवडणुका कधीही लागतील अशी हवा होती. अण्णा पांढऱ्या गाडीतून उतरले, घाटावर आले, आधी डब्याकडं आणि मग मॅडमकडं पाहिलं. "मॅडम, परतूरच्या म्हणलात ना तुमी? परतूरमध्ये नेमकं कुठल्या गल्लीतल्या?"

"स्टेशनाजवळच्या."

"आडनाव काय म्हणलात?"

"गाडीवर लिहिलंय, अण्णा. इंजिनियर." मॅडमनी फाईल काखेत घातली आणि तराफ्यावर निघून गेल्या. अण्णांना जे कळायचं होतं ते कळलं, आणि जे कळलं त्यानं त्यांचं तोंड थोडं आवळलं. त्यांनी मोर्चा कल्याणकडं वळवला.

"पायापूजन कव्हा?"

"पाण्यात फुलं सोडून नारळ फोडला की आमी."

"पाण्यात फुलं सोडली तर ती गंगेची पूजा झाली. पाया कुठं पुजला?" अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या घराचा पाया घालताना काय केलं? तू अन् दैवशाला खड्ड्यात उतरलात का न्हाई? जोडप्यानं खड्ड्यात उतरून पूजा करायची, हे आपल्याकडं परंपरेनं हाय. पुलाला काय येगळा न्याय? फोटोत पाया दिसला पाहिजे. पाणी दाखवून काय करू, पाणी तर लोकांनी पाह्यलंच हाय."

"मॅडमनी आठ दिवस पाणी काढू नका म्हणलंय."

"मॅडम परवा जालन्याला बैठकीला चालल्यात. मलाच निरोप आलाय. मुहूर्त परवाचा हाय." मग अण्णा मागं वळून घाटावरच्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुलवाले कल्याणराव असताना आपल्याला कसली काळजी?"

कल्याणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुलवाले. कल्याणराव. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही शब्द एकत्र आले, आणि तेही अण्णांच्या तोंडून, टपरीच्या साक्षीनं. अशा शब्दांची पावती माणूस लगेच फाडतो.

कल्याण बेफिकीर नव्हता, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. घरी जाऊन त्यानं पुष्कळ विचार केला. स्लॅबचे कितीतरी खेळ त्यानं पाहिले होते. कुणाच्या पोरीचा साखरपुडा, कुणाची जागरण-गोंधळाची घाई, लोकांनी आठवड्याच्या आत प्लेटा काढायला लावल्या होत्या. तेव्हा कल्याणनं मधल्या बल्ल्या तशाच ठेवून कार्य निभावून नेलं होतं. एकही छत खाली आलं नव्हतं. इथंही तसंच. पाणी काढलं तर बाहेरची नदी डब्याला बाजूनं दाबणार, म्हणून त्यानं आत आडव्या बल्ल्या ठोकल्या, चारी अंगांनी. वरून काही पडायला नको म्हणून शिडीपुरतं तोंड सोडून वर जाळी लावली. पण बिचाऱ्याला जन्मभर एकच भीती माहीत होती, वरचं खाली येईल ही. खालचं वर येईल ही भीती त्याला कुणी शिकवलीच नव्हती. स्लॅबखाली हवा असते, हवा गुपचूप बसते. इथं तळाखाली नदी होती.

दैवशाला म्हणाली, "मॅडमला एक फोन करा की."

"मॅडम न्हाई म्हणतील."

"म्हणून तर करा."

"मंग अण्णाला कोण न्हाई म्हणणार? तू?" आसपासच्या गावांत अण्णांना न्हाई म्हणलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. एक होता म्हणतात. तो सुरतेला स्थायिक झाला.

मॅडमची गाडी जालन्याकडं गेली. कल्याणनं दांड्याला पाना लावला, खिडकी बंद केली आणि डिझेल पंप चालू केला. पाणी उतरत गेलं, डब्याच्या भिंती ओल्या चमकायला लागल्या, आणि शेवटी तळ दिसला. करडा, सपाट, घट्ट. कल्याण शिडीनं उतरला, पायानं ठोकून पाहिलं. तळ दगडासारखा वाजला.

वरून कडूबानं डोकं आत घातलं. तो म्हणाला, "वाळलंय की रे."

"मंग? शिरा खाल्ला का नदीनं?"

कल्याणच्या आयुष्यातला तो सर्वांत उंच क्षण होता, आणि तो त्यानं नदीच्या तळाला उभं राहून साजरा केला. उंची मोजायची तर त्यानंतर लगेच उतार लागला, पण ते पुढं.

पाहुणे आले. घाटावर ताशा लागला. कडूबाच्या नावेनं अण्णा, त्यांच्या बायको बेबीनंदाकाकू, गुरुजी आणि गळ्यात दोन कॅमेरे घातलेला फोटोग्राफर असे चौघं डब्यापाशी आले. अण्णांनी शिडीच्या तोंडाशी उभं राहून घाटाकडं हात जोडले आणि कर्ण्यातून दोन वाक्यं बोलले. "माझ्या कामात नेहमी आधी जनता, मग मी. पण आज खड्ड्यात उतरायचंय, तव्हा आधी मी." घाटानं टाळ्या वाजवल्या. काकू पैठणीचा काठ सावरत मागं उतरल्या. मग गुरुजी, फोटोग्राफर, कल्याण.

आत बल्ल्यांच्या मधून पाट मांडले. कलश ठेवला, त्यावर नारळ. गुरुजींनी मंत्र चालू केले आणि लोखंडी डब्यात त्यांचा आवाज असा घुमला की त्यांनाच आपला आवाज आवडून त्यांनी एक स्तोत्र जास्तीचं घेतलं. फोटोग्राफर म्हणाला, "अण्णा, पायाकडं बघा. पायाकडं. हसू नका, पाया आहे."

काकूंनी पाटावरून पाय खाली घेतला आणि परत वर घेतला. "अहो, खालून गार लागायलंय."

"नदीच हाय, गार लागणारच," अण्णा ओठ न हलवता म्हणाले. कॅमेरा चालू होता.

"आणि कलश चाललाय."

कलश खरंच चालला होता. हळूच, कुणी ओढल्यासारखा, पूर्वेकडं. गुरुजींनी मंत्र न थांबवता हातानं त्याला परत जागेवर आणलं. कलश पुन्हा निघाला. मग भिंतीच्या कडेनं, जिथं तळ आणि पत्रा मिळत होते, तिथून पाण्याची एक बारीक चिळकांडी उडाली आणि नेमकी फोटोग्राफरच्या भिंगावर बसली. डबा कण्हला. रात्री दारू जास्त झालेला माणूस कूस बदलताना कण्हतो तसा.

घाटावरचे लोक नंतर सांगत होते की आधी त्यांना वाटलं नदीच खाली चाललीय. डबा उठत होता. एका अंगानं जास्त, दुसऱ्या अंगानं कमी, वीतभर, आणि पाण्याखाली गेलेली पिवळी अक्षरं एकेक करत वर यायला लागली. 'सेंट्रिंग वर्क्स' दिसलं तेव्हा ताशेवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि त्यांनी ताल वाढवला.

आत एकच शिडी होती. पाणी घोट्याला लागलं तेव्हा अण्णांनी उठताना पाट पायानं उडवला, कलश ओलांडला, गुरुजींना खांद्यानं बाजूला केलं, आणि काकूंचा शिडीला लागलेला हात शिडीवरून काढून त्या जागी स्वतःचा ठेवला. त्यांच्या वयाला आणि पोटाला तो वेग शोभत नव्हता. काकू मागून चढल्या. गुरुजी चपला विसरले. फोटोग्राफरनं खालून अण्णांच्या चढत्या पाठीचे जेवढे फोटो काढले तेवढे समोरून कधी काढले नव्हते.

कल्याण शेवटी चढला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. वर येऊन त्यानं पाना पकडला आणि सगळा जोर लावून दांडा फिरवला. खिडकी उघडली. नदी आत घुसली, डबा भरला, एक गचका देऊन खाली बसला. वाकडा बसला.

कल्याण तराफ्यावर गुडघ्यावर बसून ओळंबा न लावताच बघत राहिला. ज्यानं जन्मभर प्लेटा ओळंब्यात लावल्या त्याला वाकडेपणा मोजावा लागत नाही. वाकडा आला, तर दुसरा माणूस. पुलवाले कल्याणराव ही पदवी दोन दिवस टिकली होती.

घाटावर मात्र वेगळंच चाललं होतं. अण्णांना श्वास लागला होता, पण बुद्धी कोरडी होती. त्यांनी ओल्या धोतरानिशी कर्णा हातात घेतला. "बांधवांनो! गोदामाईनं पूजा स्वीकारली! आसन उचललं मायनं! तुमी डोळ्यांनी पाह्यलं!" लोकांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी जालन्याच्या एका पेपरात छापून आलं: टाकळीत चमत्कार, पूजेवेळी गोदामाई उठली. फोटो अण्णांचा, पायाकडं बघतानाचा. त्या आठवड्यात आसपासच्या गावच्या बाया ओट्या घेऊन घाटावर यायला लागल्या, आणि कडूबाची नाव पुन्हा भाड्यानं चालायला लागली. कडूबा म्हणायला लागला की डबा वाकडाच ठेवावा, देवीला तसाच आवडलाय.

मॅडम संध्याकाळीच परत आल्या होत्या. त्यांनी यंत्र लावलं, डब्याकडं पाहिलं, यंत्र काढून पेटीत ठेवलं. मग कल्याणसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

कल्याणसमोर सुटायचा रस्ता चकचकीत डांबर टाकून तयार होता. सारं गाव त्या रस्त्यानं गेलंच होतं. तो म्हणाला, "मॅडम, लोकं म्हणून राह्यलेत, गोदामाई उठली."

"बरं. आणि गोदामाईला पाना कुणी दिला?"

तो म्हणाला, "म्या."

"खिडकी तुम्ही लावली."

"व्हय. अण्णा म्हणले पायात उतरायचंय."

"अण्णा काय इंजिनियर आहेत?"

"न्हाई. अण्णा अण्णा हायेत." हे त्यानं इतक्या निरागसपणे सांगितलं की मॅडमना क्षणभर राग धरून ठेवणं कठीण गेलं. पण त्यांनी धरून ठेवला. "माणसं मेली असती, कल्याण. तुम्हाला कळतंय का? रिकामा डबा पाण्यात दाबून धरला तर काय करतो, हे आंघोळ करणाऱ्या पोरालाही माहीत असतं."

"स्लॅबमधी खालून कुणी ढकलत न्हाई, मॅडम."

"इथं ढकलतं. दुसरा माणूस बोलावलाय मी. सोमवारी येईल."

मॅडम निघाल्या. कल्याण मागं धावला. अंगातली लाज त्यानं तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आणि जे त्या दुपारपासून त्याच्या डोक्यात फिरत होतं ते भराभर बोलून टाकलं. डबा उठला तेव्हा तळ डब्याला चिकटूनच उठला. फुटला नाही, कडेनं गळला. म्हणजे खिडकी पुन्हा लावून पंप चालवला तर तो पुन्हा उठणार. उठू द्यायचा, पण हळूहळू, आणि साखळ्या आधी चारी बाजूंनी ताणून ठेवायच्या. अधांतरी झाला की ओढून जागेवर आणायचा, आणि खिडकी थोडी थोडी उघडत सरळ बसवायचा. "जसा बिघडला तसाच सुधरतो, मॅडम. फक्त आत अण्णा नको."

मॅडम थांबल्या. "मीही तेच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते सोमवारी येणाऱ्या माणसाकडून."

"त्याला डबा कसा उठतो ते दिसलं न्हाई. मला दिसलंय. मी आतच होतो."

चूक ही एक प्रकारची हजेरीच असते, आणि त्या दिवशी हजर कारागीर फक्त कल्याण होता. "रविवारपर्यंत," त्या म्हणाल्या.

शनिवारी डबा दुसऱ्यांदा उठला. या वेळी ताशा नव्हता, मंत्र नव्हते, वर बघायला आलेल्या बायांना मॅडमनी घाटाच्या वर थांबवलं होतं. पंप थांबवत, चालवत, साखळी एक कडी ढिली, समोरची एक कडी ताठ, असं करत दुपार कलली. डबा बसला तेव्हा मॅडमनी यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अंगठा वर न करता नुसती मान हलवली. तळाखालच्या फटीत नळानं सिमेंटचा पातळ माल भरला आणि खिडकी पूर्ण आठवडा उघडी राहिली. सोमवारच्या माणसाला मॅडमनी त्याच संध्याकाळी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

"बाकीचे खांब तुमचे," त्या कल्याणला म्हणाल्या. "एका अटीवर. पाना माझ्या गाडीत राहील. आणि डब्यात पाहुणा दिसला, की तुम्ही त्याच पावली घरी. पाहुणा कोण आहे ते मी विचारणार नाही."

कल्याणनं मान डोलावली. त्याला अट मान्य होती. फक्त ती पाळायची कशी ते माहीत नव्हतं. कारण चमत्कार झाल्यापासून अण्णांची सभा जिथं जिथं होत होती तिथं तिथं लोक एकच विचारत होते, आता दुसऱ्या खांबाला माय किती उठणार?

दुसऱ्या खांबाचा तळ ओतून दोनच दिवस झाले असतील. पांढऱ्या गाडीमागं तीन गाड्या, गाड्यांमागं ताशा. अण्णा, काकू, गुरुजी, तोच फोटोग्राफर. मॅडम तराफ्यावर होत्या. त्यांनी काठाकडं पाहिलं आणि मग फक्त कल्याणकडं पाहिलं.

कल्याण घाटावर पुढं झाला. त्याला न्हाई म्हणायचं होतं. शब्द ओठावर होता. शब्द तसा लहान, पण ज्याच्या ओठावर तो कधी बसलाच नाही त्याला तो प्लेटेपेक्षा जड लागतो. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"या अण्णा! शिडी लावलीय. गेल्या टायमाला माय वीतभर उठली. यावेळी तळ आणखी ताजा हाय, खुद्द मीच ओतलाय. यावेळी हातभर तरी उठंल. तुमी आत बसा, मी वरून झाकण लावतो, म्हंजी आवाज बराबर घुमंल."

अण्णांचं पुढं पडलेलं पाऊल तिथंच थांबलं. त्यांनी डब्याकडं पाहिलं. डबा पाण्यात शांत उभा होता, आणि त्याच्या त्या शांतपणावर अण्णांचा विश्वास बसेना. "झाकण कामून?"

"मंत्र बाहेर जाऊ नये म्हणून."

बेबीनंदाकाकू मागून म्हणाल्या, "उतरा की. मी हिकडूनच बघते. यावेळी शिडीवर माझा हात मधी येणार न्हाई तुमच्या."

ताशेवाल्यांनी काड्या खाली केल्या. एक जण हसला आणि खोकल्याचं निमित्त केलं. अण्णांच्या मानेला घाम आला. ते गुरुजींकडं वळले; गुरुजी आज चपला हातात घेऊनच आले होते आणि सर्वांत मागं उभे होते.

"गुरुजी, पूजा काठावरून चालती का?"

"काठावरून?" गुरुजी म्हणाले. "उत्तम! शास्त्रात काठच सांगितलाय. आत बसणं हा कलियुगातला प्रकार."

पूजा काठावर झाली. फोटोत पाया आला नाही. पाणी आलं, आणि पाण्यापलीकडं डबा. अण्णांनी भाषणात सांगितलं की माय आता तृप्त आहे, तिला उगाच उठवायचं नाही. लोकांना हेही पटलं. काकू गाडीत आधी जाऊन बसल्या आणि दार आतून लावून घेतलं. अण्णांना दुसऱ्या बाजूनं जावं लागलं.

गाड्या गेल्यावर कल्याण तराफ्यावर आला. मॅडम साखळीचा ताण बघत होत्या.

"काय सांगितलंत त्यांना?"

"काही न्हाई. या म्हणलं."

मॅडमनी वर पाहिलं. "आणि आले असते तर?"

कल्याणनं पलीकडच्या माणसाला साखळी एक कडी सोडायची खूण केली. "आले असते तर मंग न्हाई म्हणावं लागलं असतं," तो म्हणाला, आणि नुसत्या त्या विचारानं त्याच्या कपाळाला घाम फुटला.